बहगतचं तेल

अर्ध्या अलेक्झांड्रियातल्या जुन्या गाड्यांच्या मीटरचे आकडे उस्ता वगदीने मागे फिरवलेत, असं आमच्या मुहर्रम बे वस्तीत कुणीही सांगेल. कोपऱ्यावरचा न्हावी तर गिऱ्हाइकाच्या गालाला फेस फासता फासता सांगतो, "एक दिवस मीच जाऊन बसणारे त्याच्या टेबलावर. म्हणेन, उस्ता, माझी वीस वर्षं मागे घे, बायकोला सांगू नकोस."

खोटं आहे. वगदीने उभ्या आयुष्यात एक आकडा मागे फिरवलेला नाही. ही आवई उठली कुठून, हे मात्र त्यालाही ठाऊक नव्हतं. गेल्या वसंतातल्या एका गुरुवारी ते कळलं.

वगदी मूळचा घड्याळजी. मनगटी घड्याळं स्वस्त झाली तसा तो जुन्या गाड्यांच्या मीटरांकडे वळला. आतलं काम घड्याळाचंच: चाक जिच्यावर फिरतं ती बारीक आरी, दातेरी चाकं, केसाएवढी कमान. बोलणं बेताचं. गिऱ्हाईक तासभर रडगाणं गायलं तरी हा एवढंच म्हणायचा, "हं. पुढे." दुरुस्त केलेल्या प्रत्येक मीटरच्या आत, पितळी पट्टीवर, तो सुईने तीन रेघांची चिमणी कोरायचा. त्या चिमणीला बाजारात मोल होतं. गाडी घेणारे मीटर उघडून आधी चिमणी बघायचे, मग इंजिन.

बोलायचं खातं बहगतकडे. बहगत म्हणजे वगदीचा दूधभाऊ. वगदीची आई बाळंतपणात तापाने फणफणली होती, तेव्हा बहगतच्या आईने दोघांना पाजलं. एका पदराखाली वाढलेल्यांना आमच्यात सख्खेच धरतात. वीस वर्षं वगदी मागे बसून काम करी आणि बहगत पुढे बसून गिऱ्हाईक गुंडाळी. पुढे बहगत जुन्या गाड्यांच्या दलालीत शिरला, पण शुक्रवारचा नाश्ता काही सुटला नाही. दुकान बंद, दार अर्धं उघडं, टेबलावर घेवड्यासारख्या दाण्यांचा घोटलेला बाकला आणि गरम पाव. बहगत खिशातून जवसाच्या तेलाची चपटी बाटली काढायचा आणि म्हणायचा, "ऐक, माझ्या राजा. हे तेल नसेल तर बाकला म्हणजे नुसता चिखल."

तर त्या गुरुवारी मादाम नाझली आल्या. डॉक्टर रऊफ यांच्या विधवा. साय रंगाची, गोल पाठीची गाडी त्यांनी फुटपाथला टेकवून लावली आणि पायरीवरूनच सुरुवात केली. "उस्ता, दहा दिवसांनी नातीचं लग्न आहे. आमचे डॉक्टर म्हणायचे, नवरी याच गाडीतून जाईल. आणि काटा बघा, सात वर्षं शून्यावर मेलाय."

"हं. पुढे."

"पुढे काय? घेतल्यावर महिनाभरात गेला."

वगदीने मीटरमागची केबल सोडवली आणि आतली तार बोटांनी फिरवून बघितली. तार मध्येच पिळवटून तुटलेली.

"म्हणजे केबल बदलली की झालं," मादाम म्हणाल्या.

"नवीही तुटेल. आत काहीतरी धरलंय, म्हणून ही पिळली." त्याने मीटर काढून टेबलावर घेतलं. मागची आरी चिमट्याने फिरवायला गेला, ती तसूभर हलेना. मग त्याने कडं उकलून काच काढली.

पितळी पट्टीवर चिमणी होती.

"हीच बघून तर डॉक्टरांनी गाडी घेतली," मादाम म्हणाल्या. "म्हणाले, नाझली, फक्त एकेचाळीस हजार किलोमीटर, आणि मीटर वगदीच्या हातचं."

वगदी आपलं प्रत्येक काम ओळखायचा. हे त्याचं नव्हतं. आकड्यांची चाकं एका रेषेत नव्हती, कडांवर पेचकसाचे ओरखडे होते. एकेचाळीस हजारांच्या मागे कुणीतरी एक लाख किलोमीटर गिळले असतील, कदाचित दोन. मादामनाही ते ओरखडे दिसले. त्यांनी एकदा चिमणीकडे बघितलं, एकदा वगदीच्या हातांकडे.

"उस्ता, हे तुम्ही..." एवढं बोलून त्यांनी पर्स छातीशी धरली.

खूण त्याची, दुकान त्याचं. त्याने स्पिरिटचा दिवा पेटवला. आरीवर काहीतरी पिवळट, लाखेसारखं घट्ट बसलं होतं; ते सैल व्हावं म्हणून आरी आचेवर धरली. जरा वेळाने वास आला.

शुक्रवारच्या नाश्त्याचा वास.

जवसाचं तेल. घातल्या दिवशी रेशमासारखं चालतं, वाळलं की वार्निश होतं. कुठलाही घड्याळजी ते यंत्राच्या आसपास फिरकू देणार नाही. वगदीने दिवा फुंकर मारून विझवला. "गाडी कुणाकडून घेतली होती?"

"एका दलालाकडून. नाव नाही आठवत. सारखं 'माझ्या राजा, माझ्या राजा' करायचा."

वगदीने आरी कागदात गुंडाळली. मग म्हणाला, "उद्या सकाळी नाश्त्याला या, मादाम. मला चोर म्हणायचं ते उद्या म्हणा."

संध्याकाळी बातमी ऐकून सगळी गल्ली दुकानात जमली, मीही. मी म्हटलं, बहगत साफ नाकारणार, आणि त्याच्याच आवाजात नाकारूनही दाखवलं: "ऐक, माझ्या राजा, मी? आईच्या दुधाची शपथ!" माझ्या या नकलेवर वगदी दर वेळी हसायचा. त्या दिवशी हसला नाही.

"नाकारायला त्याला सुचणारच नाही," तो म्हणाला. "तो तेलाची बाजू घेईल. लागली पैज, एक थाळी बाकला."

सकाळी बहगत आला. वगदीचे दोन्ही गाल चुंबले, मादामकडे धड न बघता सलाम ठोकला, बाटली टेबलावर ठेवली. पावाशेजारी कागदावर ती आरी होती.

"बघ रे, हिला काय चिकटलंय," वगदी म्हणाला.

बहगतने नखाने खरवडलं, वास घेतला. "ऐक, माझ्या राजा. जवसाच्या तेलाने असं होत नाही. माझं तेल तर दर आठवड्याला ताजं असतं, सात वर्षांपूर्वीही ताजंच..."

तेलाचं नाव तोवर त्याच्यापुढे कुणी काढलं नव्हतं.

मादामनी चहाचा पेला खाली ठेवला. बहगतने आता त्यांच्याकडे नीट बघितलं, मग बाहेरच्या गाडीकडे.

"किती गाड्या?" वगदीने विचारलं.

"मोजल्या नाहीत." त्याचा आवाज एकदम बारीक झाला होता. "तुझ्या नावावरच सगळं खपायचं, वगदी. माझ्या नावाला कुत्रं तरी विचारत होतं का?"

"चिमणी घेतलीस. निदान तेल तरी माझं घ्यायचंस. फडताळाला कुलूप नव्हतं. तुझ्यासाठी कधीच नव्हतं."

बहगत उठला आणि गेला. बाटली तिथेच राहिली. मादाम एवढंच म्हणाल्या, "लग्नाआधी होईल ना, उस्ता?"

झालं. आरी दोन दिवस रॉकेलमध्ये भिजली, घासली, घड्याळाच्या तेलाचा एक थेंब, नवी केबल. काटा थरथरत साठावर चढला आणि अलगद उतरला. आतली चिमणी वगदीने खरवडून काढली. दुसरी कोरली नाही. तिथेही नाही, नंतर कुठल्याच मीटरात नाही.

पैजेची थाळी मी पुढच्या शुक्रवारी नेऊन दिली. ती बाटली अजून टेबलावरच होती, बूच लावलेली. वगदीने ती बाजूला सरकवली, बाकल्यावर अर्धं लिंबू पिळलं आणि सगळी थाळी तशीच, तेलाविना खाल्ली.