अक्काची बदकं

कोंबडीला तो रोग झाला की आधी तिचा तुरा काळानिळा पडतो. मग डोळे चिकटतात, नाकातून फेस येतो, आणि अंडं पडतं तेही बिनकवचाचं, नुसत्या पातळ कातडीतलं. असलं एक अंडं ट्रेमध्ये ठेवताना माझ्या हातात फुटलं आणि कोपरापर्यंत ओघळलं. साबणानं घासून घासून हात लाल केला, तरी चिकटपणा गेल्यासारखं वाटेना.

आमचं गाव लातूरकडचं. सातवीत शाळा सुटली, पुढं लग्न झालं आणि नवऱ्याबरोबर शिंदखेड्याजवळच्या या पोल्ट्रीवर राहायला आले. इथली बोली कळायची नाही, माणसं अनोळखी. सांभाळलं ते मालकाच्या आईनं, अक्कानं. मला ताप आला तेव्हा ती उशाशी बसून राहिली होती. तिच्यापुढं मी कधी मान वर करून बोलले नाही.

अक्कानं हौदापाशी दोन बदकं पाळली होती. ती दिवसभर शेडखाली सांडलेलं खाद्य टिपत फिरायची आणि जाईल तिथं हिरवट, पातळ घाण टाकायची. झाडायचं काम माझं. चप्पल शेडमध्ये न्यायची नाही म्हणून अनवाणी झाडायचे. बोटांच्या बेचक्यात ती घाण शिरली की अंगावर काटा यायचा. पण अक्काची बदकं, बोलणार काय?

मग शेडमध्ये मर सुरू झाली. तपासणीत बर्ड फ्लू निघाला आणि पोल्ट्रीवरचा एकूण एक पक्षी मारायचा हुकूम आला. पांढऱ्या पोशाखातली माणसं आली, जेसीबीनं खड्डा खणला. मेलेल्या पक्ष्यांच्या पोत्यांतून पाणी गळत होतं. वर चुना टाकला तरी कुजका, गोडसर वास घशात बसायचा. दोनदा मी मास्क काढून ओकले.

त्या गडबडीत अक्कानं बदकं स्वयंपाकघरात नेऊन डालग्याखाली झाकली.

"कोनले सांगू नको," ती मला म्हणाली. "कोंबड्या बठ्ठ्या मरी गयात. या चांगला शेतस. त्यासले काय व्हयेल शे?"

मलाही ते पटलं. जे धडधाकट आहे ते कशाला मारायचं? तरी राहवेना. पशुवैद्यक मॅडम हातमोजे काढून चहा घेत बसल्या होत्या, त्यांना आडून विचारलं, "मॅडम, बदकाला हा रोग होत नाही का?"

"बहुतेक वेळा दिसत नाही," त्या म्हणाल्या. "बदकाच्या पेशीत एक प्रथिन असतं, राखणदारासारखं. विषाणू आत शिरला की ते लगेच ओरडतं. कोंबडीत तो राखणदारच नाही. तिच्या शरीराला उशिरा जाग येते, आणि मग ते घाबरून स्वतःचीच फुप्फुसं पाण्यानं भरून टाकतं. नाकातून फेस येतो ना, त्यात तिच्या स्वतःच्या शरीराचाही हात असतो."

"आणि विषाणू गप बसतो?"

"छे. तोही स्वतःचं एक प्रथिन घेऊन येतो, राखणदाराचं तोंड दाबायला. बदकात राखणदार त्याआधी ओरडून घेतो, म्हणून बदक ठणठणीत दिसतं. पण विषाणू आतड्यात राहतो आणि घाणीतून बाहेर पडत राहतो."

"माणसात असतो का तो राखणदार?"

"असतो. पण या विषाणूपुढं तो टिकेलच असं नाही. का गं, बदकं आहेत का इथं?"

मी माझ्या पायांकडं बघत राहिले. मग "आलेच" म्हणून थेट स्वयंपाकघरात गेले.

डालगं कलंडलं होतं. चुलीपासून पिठाच्या डब्यापर्यंत हिरवे ओघळ. एक बदक प्यायच्या हंड्यात चोच बुडवत होतं. अक्का मागून आली, तिला मॅडम म्हणाल्या ते सगळं सांगितलं, जमेल तसं.

"तुले मी पोरसारखी ठेवी," ती म्हणाली, "आनि तू मना घरमा सरकार लयनी?"

"अक्का, तुम्ही याच हंड्यातलं पाणी पिता."

तिनं हंड्याकडं पाहिलं. मग भिंतीला टेकून खाली बसली. "बलाव त्यासले."

पांढऱ्या पोशाखातले दोघं आले आणि बदकं पोत्यात घालून घेऊन गेले. शेवटपर्यंत त्यांची पिसं चकचकीत होती. मॅडमनी हंडा, पीठ, सगळं बाहेर काढायला लावलं आणि नाकातला नमुना घ्यायला आरोग्य खात्याची नर्स बोलावली. दोघींच्याही तपासणीत पुढं काही निघालं नाही, पण ते कळायला वेळ लागला. नर्सनं काडी अक्कापुढं धरली तेव्हा तिनं ती हातानं बाजूला सारली.

"पयले हिले तपास. हाई रोज अनवानी त्यासनी घाण झाडस."

काडी नाकात खोल गेली. डोळ्यांत पाणी आलं, घशात कडू आलं. अक्का शेजारीच उभी होती. माझ्याशी बोलली नाही, पण गेलीही नाही.