अक्कांचं मांडव आणि माझी आमराई

परवा टोंकखुर्दच्या पलीकडे नदीकाठी आमचे तंबू लागले... आणि बाट्या भाजून व्हायच्या आत उतरलेही. देवासात त्यावरून आता काय काय बोललं जातंय, म्हणून म्हटलं आपणच सांगून टाकावं.

आधी मनातलं सांगते. मला माझ्या थोरल्या जावेचा हेवा वाटतो. अक्का माहेरच्या धारच्या. कामात, बोलण्यात, पुरणपोळीत मी काही त्यांच्याहून कमी नाही... पण थंडीत तंबू घेऊन चार दिवस बाहेर राहायला जायचं ठरलं की सगळं घर विचारतं ते अक्कांना. आणि अक्का सुपारी कातरत म्हणणार, "मांडवच बरं."

एकदा मांडवचं, म्हणजे मांडवगडचं तळं, एकदा तिरल्याकडच्या टेकड्या, पुन्हा मांडव... सगळं धारच्याच मुलखात. आमच्या देवासला जसं काही देवानं नदी, झाडं दिलीच नाहीत. तळ्याकाठी बसून सासूबाई म्हणायच्या, "थोरलीची निवड म्हणजे निवड हो." मी तेव्हा भांडी जरा जोरातच आपटायची, खोटं कशाला बोलू.

मी देवासचीच. लहानपणी मामांबरोबर पाहिलेली एक जागा माझ्या डोळ्यांपुढून कधी गेली नाही. नदी तिथं वळते, काठावर पांढऱ्या खोडांचे अर्जुन, पाण्यात काळे खडक आणि मागं जुनी आमराई. यंदा सासूबाईंचे पाय चेपता चेपता मी ती जागा कबूल करून घेतली.

अक्का एवढंच म्हणाल्या, "जागा छानच असेल गं... पण तिथं तंबू नकोत." मला काय बरं वाटलं म्हणून सांगू. म्हटलं, चला, आज दुसऱ्या कुणाच्या तरी पोटात दुखतंय.

आता परगावच्या मैत्रिणींसाठी सांगायला हवं... आमच्या देवासात राजे दोन. थोरली पाती आणि धाकटी पाती. गाव एकच, पण रस्त्याची ही बाजू एकाची, ती दुसऱ्याची, आणि खेडीपाडीही अशीच एकमेकांत मिसळलेली. थोरले भावजी थोरल्या पातीच्या नोकरीत आणि आमचे हे धाकट्या पातीच्या. घरी दोघं पाटाला पाट लावून जेवतात... दरबारचा विषय पगडीबरोबर खुंटीला.

तर आम्ही पोचलो. तंबू भावजींनी थोरल्या पातीच्या फरासखान्यातून, म्हणजे दरबारच्या तंबू-कनातींच्या कोठारातून मागून आणले होते, दारावर दरबारचं लाल निशाण शिवलेलं. सासूबाई खडकावर बसून पाण्यात पाय सोडून म्हणाल्या, "अगंबाई, इतकं सुंदर आपल्या जवळच होतं होय?" मी मुद्दाम अक्कांकडे बघितलं. त्या निखाऱ्यांत बाट्या उलटत होत्या.

तेवढ्यात गावचा पटेल हात जोडून आला. "दादा, तंबू तो बड़ी पांती को हे, ने या जमीन छोटी पांती की... कोई पूछेगा तो म्हूं कई कूं?"

कुणी विचारलं तर तो बिचारा काय सांगणार? एका दरबारचं निशाण दुसऱ्याच्या जमिनीवर उभं राहिलं म्हणजे जमिनीवर हक्क सांगितल्यासारखंच की. जागा निवडताना मी झाडं बघितली, पाणी बघितलं... पाती बघायची मला सुचलंच नाही.

हे म्हणाले, "दादा, तंबू काढू या. उद्या मला जाब विचारतील." भावजी लाल झाले. "सरकारांचं निशाण मी उतरवू? आणि तू सांगतोस म्हणून?" मग आमचं सरकार, तुमचं सरकार सुरू झालं... आवाज चढले, सासूबाईंचे डोळे भरले. मला वाटलं, उठावं आणि त्या नदीत जाऊन बसावं.

अक्का उठल्या. गड्याला म्हणाल्या, "मेखा काढ रे. सासूबाईंना इथला गारठा सोसायचा नाही, रात्रीच्या आत घरी जायचंय." कुठल्याच सरकारचं नाव नाही. तंबू गाडीत गेले आणि आम्ही आमराईत उघड्यावर दालबाटी खाल्ली. दोघे भाऊ एकमेकांकडे पाठ करून जेवत होते.

परतताना गाडीत मी हळूच विचारलं, "अक्का, तुम्हाला ठाऊक होतं?"

"मी लग्न होऊन आले त्या वर्षी अशीच एक जागा निवडली होती. पुढं महिनाभर दोघं बोलत नव्हते. तेव्हापासून आपलं धार... राज्य तिसऱ्याचंच, तिथं हे दोघं नुसते भाऊ असतात."

"मग मला सांगितलं का नाही?"

"सांगितलं होतं की, तंबू नकोत म्हणून. आणखी काही बोलले असते तर म्हणाली असतीस, अक्का जळतात."

दुसऱ्या दिवशी दोघं भाऊ मधे एक पाट रिकामा सोडून जेवायला बसले. अक्का वाढता वाढता म्हणाल्या, "पुढच्या वर्षीची जागासुद्धा धाकटीच निवडेल हो." सगळ्यांचे हात थांबले, सासूबाईंचासुद्धा. मी खाली मान घालून म्हटलं, "मांडवच बरं."

आधी भावजींना हसू फुटलं, मग ह्यांना. भावजींनी आपल्या ताटातली बाटी उचलून ह्यांच्या ताटात ठेवली.

हेवा गेला का म्हणून विचाराल, तर नाही... वाढलाच आहे. इतके दिवस मला अक्कांच्या मांडवचा हेवा वाटायचा, आता अक्कांचाच वाटतो.