डिस्प्ले कार्डातलं कुंकू

मधुमती बेहेरे यांना विकास नगरात कुणी मधुमती म्हणत नसे. सगळ्यांच्या तोंडी ‘कंप्यूटरवाली आंटी’. चाळिशी उलटल्यावर या बाईने कॉलेजच्या पोरांच्या रांगेत बसून डीटीपीचा क्लास केला होता. पोरं फिदीफिदी हसायची, हिने ढुंकून बघितलं नाही. मूळची चिपळूणची, लग्न होऊन लखनौला आली, नवरा रेल्वेत इंजिनिअर. वीस वर्षं तिने त्याचे डबे भरले आणि मग एके दिवशी सरळ सांगून टाकलं, “अहो, मला कंप्यूटर हवाय. साड्या नकोत, दागिने नकोत.” आणि घेतला! लग्नपत्रिका, शाळेचे पेपर, वकिलांचे मसुदे, सगळं तिच्या समोरच्या खोलीत टाइप व्हायला लागलं.

सत्त्याण्णव साली महाराष्ट्र मंडळाचा दिवाळी अंक तिने अंगावर घेतला. तोवर तो हाताने लिहून सायक्लोस्टाइल व्हायचा. अर्धी अक्षरं वाचायला भिंग लागे. मंडळाचे सेक्रेटरी शशिकांतराव नाक मुरडत होते, “वहिनी, हौस ठीक आहे, पण अंक म्हणजे चेष्टा नाही.” मधुमतीने त्यांना ऐकवलं, “चेष्टा मी करतच नाही. तुम्ही लेख द्या.”

आणि दसरा झाला नाही तोच स्क्रीनवर रेघा उठल्या. आधी हिरव्या, मग जांभळ्या. टाइप केलेला ‘क’ मधोमध चिरला जाऊन अर्धा खाली लोंबायला लागला. दोन दिवसांत पडदा काळा, आणि सुरू करताच सीपीयूच्या डब्यातून नुसती पीं-पीं.

चंद्रकांतराव, म्हणजे तिचे यजमान, लगेच निष्कर्षाला पोचले. कोजागिरीला मंडळात दुधाचा पेला हातात घेऊन चारचौघांत म्हणाले, “दिवसभर खटखट, खटखट. यंत्राला काही विश्रांती? बायकांच्या हातात दिलं की असंच व्हायचं.” सगळे हसले. मधुमतीच्या अंगाचा असा तिळपापड झाला की दूध तसंच ठेवून ती उठली.

निशातगंजच्या कंप्यूटरच्या दुकानातून दीनानाथजी आले. त्यांनी बटण दाबलं, पीं-पीं ऐकली, डबा न उघडताच मान हलवली. “मॉनिटर गया, भाभीजी. बोर्ड भी गया समझिए. पूरा सिस्टम हमें दे दीजिए, एक्सचेंज में देख लेंगे.” चंद्रकांतरावांनी होकार देऊनही टाकला. शनिवारी संध्याकाळी रिक्षा येणार, कंप्यूटर जाणार, आणि अंक शशिकांतराव बाहेरच्या प्रेसमध्ये टाकणार. तिला विचारलं कुणी? कुणी नाही!

“मी हात लावून बघणार,” शनिवारी दुपारी तिने जाहीर केलं.

“तुला काय कळतं त्यातलं?”

“तुम्हाला काय कळतं ते तरी कुठे दिसलंय?”

आधी तिने मॉनिटर उचलला. मुलीला, रुचाला, हाक मारली. “मम्मी, यह बहुत भारी है यार,” म्हणत रुचाने दुसरी बाजू धरली. दोघींनी तो समोरच्या नीलम श्रीवास्तवच्या घरी नेऊन तिच्या मशीनला जोडला. चित्र लख्ख! एक रेघ नाही. म्हणजे मॉनिटर ठणठणीत होता आणि दीनानाथजींनी सरळ थाप मारली होती. मधुमतीचा जोर दुप्पट झाला.

मॉनिटर गेला नाही, तर मग चित्र अडतंय कुठे? मॉनिटरची वायर ज्या डिस्प्ले कार्डात जाते तिथे. क्लासच्या सरांनी एकदा तसं कार्ड काढून दाखवलं होतं. तिने प्लग काढला, जमिनीवर चटई अंथरली, स्क्रू काढले, झाकण सरकवलं. कार्ड घट्ट बसलं होतं. हळूहळू हलवत वर ओढलं आणि ती बघतच राहिली.

कार्डाच्या सोनेरी दातांवर लाल लगदा वाळून बसला होता. खालच्या खाचेत हळद, आणि अक्षतेचा एक दाणा चक्क उभा अडकलेला.

“अहो!” आवाज असा की स्वयंपाकघरातली भांडी थरथरावीत. “इकडे या आधी!”

खंडेनवमीला तिने मॉनिटरवर एक झेंडूचं फूल वाहिलं होतं, बस्स. पण चंद्रकांतरावांच्या वर्कशॉपमध्ये त्या दिवशी यंत्रांची झाकणं काढून आतल्या भागांना हळद-कुंकू लावायची पद्धत. यंत्राची पूजा वरवरची नसते, हे त्यांचं ठाम मत. ती श्रीखंड घोटत असताना त्यांनी गुपचूप डबा उघडला होता, हळद-कुंकू आणि अक्षता वाहिल्या होत्या, वर फुलाने पाणी शिंपडलं होतं.

“इंजिनला कधी काही होत नाही,” ते पुटपुटले.

“हे इंजिन आहे?”

मधुमतीने शिलाई मशीनचा ब्रश आणून खाच झाडली, रुचाचा खोडरबर घेऊन दात चमकेपर्यंत घासले. कार्ड बसवलं, मॉनिटर आणून जोडला, बटण दाबलं. पीं-पीं.

“झालं समाधान?” चंद्रकांतरावांना कंठ फुटला.

खोटं कशाला बोला, तिच्या डोळ्यांत पाणी आलं. पण ते तिने पदराने पुसलं, प्लग काढला, पुन्हा वाकली. कार्डाचं एक टोक अधांतरी होतं. दोन्ही अंगठ्यांनी दाबलं तसा खट्‌ आवाज झाला.

या वेळी पडदा उजळला. ‘क’ अख्खा उभा होता.

एवढ्यात दारात रिक्षा. दीनानाथजी आत येऊन उजळलेल्या पडद्याकडे बघत राहिले. “ले जाने आए थे? देख लीजिए, और खाली हाथ जाइए,” मधुमती म्हणाली. ते आल्या पावली परतले.

मग तिने फोन उचलून नवऱ्याच्या हातात दिला. “शशिकांतरावांना लावा. अंक घरीच होणार म्हणावं. आणि बिघाड कुणी केला तेही सांगा.”

“सांगतो गं. पण कुंकवाचं राहू दे ना.”

“कुंकवाचंच सांगा.”

चंद्रकांतरावांनी नंबर फिरवला. “शशिकांतराव, कंप्यूटर चालू झाला. बिघाड तिचा नव्हता. मी... मी आत कुंकू वाहिलं होतं. हो, आत. हसा, हसा.” पलीकडचं हसू बराच वेळ चाललं. मग लेख कधीपर्यंत हवेत अशी विचारणा झाली. चंद्रकांतरावांनी बायकोकडे पाहिलं. ती की-बोर्डवरून मान वर न करता काहीतरी बोलली. 

“ती म्हणते, सोमवारपर्यंत लेख पाठवा. उशिरा आलेलं काही छापलं जाणार नाही. तुमचं संपादकीयसुद्धा.”