चौथ्या पडद्यावरची करंगळी

आमच्या नातेवाइकांत गेली काही वर्षं एक वाक्य फिरतं आहे: "तिने गिटार शिकून पाहिली, पण तिला जमली नाही." लग्नकार्यात हे वाक्य निघालं की सगळे माझ्या बायकोकडे प्रेमाने बघतात आणि तिच्या पानात आणखी एक जिलबी वाढतात. हे वाक्य माझं आहे. ते खोटं आहे हे मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे, आणि आजवर मी ते कुणापुढेही मागे घेतलेलं नाही.

त्यासाठी फार कष्ट पडले असंही नाही. विषय तिकडे वळला की मी माझ्या गुडघ्यांविषयी बोलायला लागतो. माझ्या वयाच्या माणसाने एकदा गुडघा काढला की समोरचाही आपला गुडघा काढतो आणि गिटार मागे पडते.

दुसऱ्यांच्या चुका मात्र मी कधी टाळल्या नाहीत. माझी सगळी नोकरी लेखापरीक्षणात गेली. निवृत्त होताना सरकारने खुर्ची काढून घेतली, सवय मात्र माझ्याकडेच राहू दिली. कसबा पेठेतल्या घरातून मंडईपर्यंत चालत जातो तेवढ्यात मी दोनतीन जणांना सुधारून येतो. फुलवाल्याने हार कसा ओवावा, रिक्षावाल्याने कुठून वळावं, पुजाऱ्याने घंटा केव्हा थांबवावी. मला कुणी विचारलेलं नसतं. पुण्यात त्यासाठी विचारावं लागत नाही.

संगीतात तर मी अधिकारी माणूस. मला गाता येत नाही आणि वाजवता येत नाही, त्यामुळे चुका काढायला दोन्ही हात मोकळे. गवयाने तोंड उघडायच्या आत शेजारच्याला रागाचा थाट सांगायचा, ही माझी साधना. शेजारचे पुढच्या बैठकीला जागा बदलून बसत, तेव्हा मला वाटे, त्यांना पंख्याखाली बसायचं असेल.

बायको महापालिकेच्या शाळेत गणित शिकवायची. लग्नानंतरच्या पहिल्याच गणपतीत आरती चालू असताना मी सगळ्यांदेखत तिच्या हातात टाळ दिला आणि म्हणालो, "तू आपली टाळ वाजव." विनोद होता. सगळे हसले, तीही हसली. त्या दिवसापासून तिने आमच्या घरात आरती म्हटलेली नाही. इतकी वर्षं ती टाळच वाजवते आहे, आणि तालाला चोख वाजवते. 'आता म्हण' असं मी तिला एकदाही म्हटलं नाही.

ती निवृत्त झाली त्या पावसाळ्यानंतर एका सकाळी दाराची बेल वाजली.

"अहो, जरा दार धरा. हे आडवं आत येत नाहीये."

"हे काय?"

"गिटार."

"कुणाची?"

"माझी. स्वारगेटजवळ क्लास लावलाय."

"या वयात?"

"त्या वयात तुम्ही टाळ दिला होतात."

संध्याकाळी ती गिटार मांडीवर घेऊन बसली आणि मला दाखवू लागली. "हे बघा, सतारीला असतात ना, तसे पडदे आहेत. क्लासमध्ये फ्रेट म्हणतात. इथे तार दाबली की हाच स्वर येणार. गळ्याचा प्रश्नच नाही. यात मला कोणी बेसूर म्हणू शकत नाही." 'कोणी' म्हणताना तिने माझ्याकडे पाहिलं नाही. पाहायची गरज नव्हती.

मी तिच्याबरोबर क्लासला जाऊ लागलो. स्वारगेटचा चौक तिला एकटीला ओलांडू द्यायचा नाही, असं कारण मी दिलं होतं. प्रत्यक्षात तो चौक मला ओलांडता येत नाही. तिचा हात धरून मी डोळे मिटतो. क्लास चष्म्याच्या दुकानावर होता. शिकवणारी मुलगी तिशीतली, आयटीतली नोकरी सोडून आलेली, येरवड्याहून स्कूटरवर यायची. मला तिने कोपऱ्यात स्टूल दिलं आणि गिटार दिली नाही. तिला माणसं कळत असावीत.

"काकू, मेजर स्केल, म्हणजे सात स्वरांची सरगम, पाठ करायचीच नाही," ती पहिल्याच आठवड्यात म्हणाली. "बनवायची. कुठल्याही पडद्यावरून स्टार्ट करा. दोन, दोन, एक. दोन, दोन, दोन, एक. दोन म्हणजे मधला एक पडदा सोडायचा, एक म्हणजे लगेच शेजारचा. दॅट्स इट."

गणिताच्या बाईंना सूत्र मिळालं. मग घरात मटार सोलताना दोन दोन एक, कपडे वाळत घालताना दोन दोन दोन एक. एकाच तारेवर वेगवेगळ्या पडद्यांपासून सुरुवात करून ती स्केल बांधायची, आणि शेवटचा स्वर पहिल्यासारखाच पण वरच्या सप्तकात लागला की मान हलवायची. मुलाचं उदाहरण बरोबर सुटल्यावर बाई हलवतात तशी. बोटांची टोकं लाल झाली, मग टणक झाली. बसमध्ये ती अंगठ्याने ती टोकं चाचपत बसायची.

क्लासचा छोटा कार्यक्रम ठरला. प्रत्येकाने एक मेजर स्केल आणि एक सोपी चाल वाजवायची. तिला 'जी मेजर' मिळाली, म्हणजे जी या स्वरापासून सुरू होणारी. क्लासमध्ये ती दोन आठवडे नीट वाजवत होती. कार्यक्रमाआधीचा शेवटचा तासही छान झाला. आणि त्यानंतर घरी, मी पेपर वाचत असताना, ती स्वरांची नावं मोठ्याने म्हणू लागली. "जी, ए, बी, सी, डी, ई, एफ शार्प, जी."

मी पेपर खाली ठेवला.

"शार्प?"

"हो. हा बघा, चौथा पडदा. करंगळीने घ्यायचा."

"मेजर म्हणजे आपला बिलावल. सगळे स्वर शुद्ध. बरोबर?"

"असं तुम्हीच म्हणता."

"शार्प म्हणजे तीव्र. तीव्र होतो फक्त मध्यम. हार्मोनियमवर एफची पांढरी पट्टी म्हणजे शुद्ध मध्यम, तिच्या शेजारची काळी म्हणजे तीव्र. बिलावलात तीव्र मध्यम आला कुठून? तुझ्या बाई तुला बिलावल सांगून यमन शिकवताहेत."

मला इतका आनंद बऱ्याच दिवसांत झाला नव्हता.

"मग काय करू?"

"साधा एफ वाजव. तिसरा पडदा."

तिने वाजवून पाहिलं. मग बोटांनी पडदे मोजले. "अहो, सूत्र बसत नाही. जिथे दोन हवेत तिथे एकच येतंय."

"सूत्रं नवशिक्यांसाठी असतात."

"आणि कानालाही कसंतरी लागतंय. जिना उतरताना एक पायरी आहे असं वाटावं आणि नसावी, तसं."

"तुझ्या कानाला सवय नाही."

माझ्या कानाला होती म्हणावं, तर मी ऐकलंच नव्हतं. मी फक्त 'शार्प' हा शब्द ऐकला होता. ती वाजवत असताना मी मनातल्या मनात त्या शिक्षिकेला समजावून सांगत होतो. दोन दिवस बायको माझ्याशी वाद घालत राहिली, चौथा पडदा, तिसरा पडदा. शेवटी मी म्हणालो, "गाण्यातलं कुणाला कळतं, तुला का मला?" ती "बरं" म्हणाली, आणि करंगळी मिटून घेतली.

कार्यक्रम एका सोसायटीच्या हॉलमध्ये होता. वाजवणारी बहुतेक शाळेतली मुलं, ऐकणारे त्यांचे आईबाप. पहिल्या रांगेत मुलांच्या मध्ये इरकल साडी नेसून, गिटार उभी धरून बायको बसली होती. मी चार रांगा मागे.

तिच्या आधी एका चिमुरडीचं नाव पुकारलं. तिलाही जी मेजरच होती. ती जीभ बाहेर काढून एकेक स्वर वाजवत वर चढली, सातव्या स्वराला चौथ्या पडद्यावर बोट ठेवलं, आणि आठवा जी लागला. तेव्हा मी पहिल्यांदा ऐकलं. तो तीव्र मध्यम नव्हताच. तो चक्क शुद्ध निषाद होता. स्केल जीपासून सुरू होते, म्हणजे सा जीवर आहे. मग बाकीचे स्वर तिथून मोजायचे, हार्मोनियमच्या पहिल्या पांढऱ्या पट्टीपासून नव्हे. सा कुठेही लावा, बाकीचे त्याच्यामागून येतात, हे आयुष्यभर शेजाऱ्यांच्या कानात मीच कुजबुजत आलो होतो. आणि घरी मी सा हलवला होता, पण मध्यम जिथल्या तिथे खिळून ठेवला होता. मी बायकोच्या हाताने बिलावलात कोमल निषाद बसवला होता.

त्या चिमुरडीची चाल अजून वाजायची होती. चार रांगा ओलांडून जायचं, बायकोच्या कानात 'चौथाच पडदा' म्हणायचं आणि परत यायचं, एवढा वेळ नक्की होता. मी खुर्चीच्या कडेला सरकलोसुद्धा. मागून एक बाई म्हणाली, "काका, बसा हो, व्हिडिओ काढतेय." मी बसलो. त्या बाईचे मी आजही आभार मानतो. ती नसती तर मला दुसरं कारण शोधावं लागलं असतं.

बायकोने मी सांगितलं होतं तसंच वाजवलं. सहा स्वर स्वच्छ आले. सातव्याला तिने तिसरा पडदा दाबला. हॉलमध्ये कुणी हसलं नाही. पोरंबाळं बेसूर वाजवतात तेव्हा लोक जसं हसऱ्या चेहऱ्याने बघतात, तसे सगळे बघत राहिले. तिने ऐकलं. ती थांबली, पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं, आणि सातव्यावर आली तेव्हा करंगळी चौथ्या पडद्याकडे गेली, मग मागे आली. माझं ऐकून मागे आली. तिने तिसराच दाबला. पुढची चाल तिने वाजवली नाही, नमस्कार करून उतरली.

नंतर चहाच्या टेबलापाशी शिक्षिका धावत आली. "काकू, काय झालं? क्लासमध्ये तर परफेक्ट वाजवायचात! चौथी फ्रेट ना?"

बायकोने माझ्याकडे पाहिलं. फार नाही, कप उचलता उचलता पाहावं इतकंच. मग म्हणाली, "माझंच चुकलं."

आणि मी, ज्याने लोकांना घंटा केव्हा थांबवावी हे सांगितलं होतं, मी म्हणालो, "नवखी आहे हो. जमेल हळूहळू."

तिला जमवायचं नव्हतं. जुन्या साडीची खोळ शिवून तिने गिटार कपाटामागे उभी केली. मेहुण्याचा फोन आला तेव्हा मी ते वाक्य पहिल्यांदा वापरलं. ती समोरच बसून भाजी निवडत होती. तिने मान वर केली नाही.

माफी मागायला साधा माणूस तोंड उघडतो. मी क्लास लावला. माझा विचार असा की, आधी जी मेजर नीट शिकावी, तिच्यासमोर वाजवावी, आणि चौथ्या पडद्यावर बोट ठेवून तिथेच थांबून सांगावं. म्हणजे माफीसुद्धा पुराव्यासकट. घरी सांगितलं, हास्यक्लबला जातो. स्वारगेटचा चौक अनोळखी लोकांच्या शर्टाला धरून ओलांडू लागलो.

"काका, तुम्ही?" शिक्षिका म्हणाली. "शिकवायला की शिकायला?"

"शिकायला."

"शुअर?"

माझी बोटं तारेवर लाकडी चमच्यांसारखी पडत. दोन दोन एक मी तोंडाने बिनचूक म्हणायचो आणि हाताने तीन एक दोन करायचो. डीची मेजर बांधायला दिली, तर दोन शार्प निघाले म्हणून मी घाबरून थांबलो. ती म्हणाली, "काका, शार्पला बोलू नका. फक्त मोजा आणि ऐका." तिला काही ठाऊक नव्हतं. तरी मी मान खाली घालून पडदे मोजू लागलो. बायकोने दोन आठवड्यांत जे केलं होतं त्याला मला अख्खा हिवाळा लागला.

मग एक दिवस, बायको स्वयंपाकघरात मेथी चिरत असताना, मी कपाटामागून गिटार काढली, खोळ उतरवली, तारा लावल्या. बाहेरच्या खोलीत बसून जी मेजर सुरू केली. हळूहळू चढत सातव्या स्वराशी आलो आणि चौथा पडदा दाबला. स्वर आला. जरा भणभणला, पण तोच होता.

आत विळी थांबली.

"चौथ्याला करंगळी," ती आतून म्हणाली.

"काय?"

"अनामिका कशाला ताणताय? करंगळी लावा. म्हणून भणभणतंय ते."

दार एवढं उघडं मला आयुष्यात पुन्हा मिळणार नव्हतं. वाक्य तयार होतं, आंघोळ करताना कितीदा घोकलेलं. मी तोंड उघडलं.

"मला बाईंनी असंच सांगितलंय," मी म्हणालो.

"मला करंगळी सांगितली होती."

"मग तुला चुकीचं सांगितलं असेल."

"बरं," ती म्हणाली. आणि विळी पुन्हा चालू झाली.

गिटार परत खोळीत गेली; ती मीच घातली. ती आजही कपाटामागे आहे. आंघोळीच्या वेळी घोकलेलं वाक्य असं होतं: चौथा पडदाच बरोबर होता. सूत्र तुझं बरोबर होतं, कानही तुझाच बरोबर होता. आणि त्या पहिल्या गणपतीत तू बेसूर नव्हतीस. तुझा आवाज माझ्याहून मोकळा लागला होता आणि माझी आई तुझ्याकडे वळून ऐकत होती, म्हणून मी तुझ्या हातात टाळ दिला. 'माझंच चुकलं' हे त्या हॉलमध्ये तू म्हणालीस. ते मी म्हणायचं होतं.