खलिफाचे पोते

अर्जलेखनाचा व्यवसाय करणाऱ्याने वाचन केलेच पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. माझे शालेय शिक्षण दहावीच्या अलीकडेच थांबले. परंतु साताऱ्याच्या वाचनालयात बसून मी जे मिळवले, ते कोरेगावच्या तहसील कचेरीसमोर टेबल मांडणाऱ्या अन्य कोणाजवळ नाही. स्पेन देशातील कोर्डोबाच्या खलिफाची हकिकत मला तिथेच सापडली.

हा खलिफा हजारएक वर्षांपूर्वीचा. ग्रंथांचा मोठा शौकीन. देशोदेशी माणसे पाठवून पुस्तके आणवणारा. त्याच्या कारकिर्दीत एका विधवेची जमीन राजवाड्याच्या बागेत महाल बांधण्यासाठी बळकावली गेली. तिने काजीकडे दाद मागितली. काजी गाढव आणि रिकामे पोते घेऊन त्या जागेवर गेला, पोत्यात माती भरली आणि खुद्द खलिफालाच म्हणाला, जरा हात लावा. खलिफाला पोते हलवेना. एवढी माती उचलवत नाही, तर अंतिम न्यायाच्या दिवशी सगळी जमीन खांद्यावर कशी घेणार, असे काजीने विचारले. खलिफाने जमीन परत केली, वर महालही तिलाच दिला, असे सांगतात.

गेल्या उन्हाळ्यात माझ्या चुलतभावाच्या विधवा पत्नी, माझ्या वहिनी, माझ्या टेबलाशी आल्या. माझ्या थोरल्या भावाने दरसाल नांगरताना बांध कोरत त्यांच्या रानात दोन-तीन हात सरकवला होता.

"मोजणीचा अर्ज लिवा, भावजी."

सख्ख्या भावाविरुद्ध माझ्याच हातून कागद व्हावा, हे मला जड वाटले. "अर्जाची आवश्यकता नाही," मी भारदस्तपणे म्हणालो. "मी शब्दाने काम करतो."

रविवारी मी रानात गेलो. वहिनींना बोलावले, चार शेजारी जमवले. कोरलेल्या बांधाची माती पोत्यात गच्च भरली, खलिफाची हकिकत साद्यंत सांगितली आणि म्हणालो, "दादा, आता हे उचल."

भावाने तंबाखू थुंकली, गुडघा टेकला आणि पोते एका हिसक्यात पाठीवर घेतले. उसाच्या मोळ्या ट्रॉलीत चढवण्यात त्याचा जन्म गेलेला.

"बोल की रं, कुठं टाकू?"

काजीला हा प्रश्न कोणी विचारला नव्हता.

"आवं, तुमचा खलिफा बसून खानारा असंल," एक शेजारी म्हणाला. सगळे हसले. भाऊही पोत्याखाली हसला.

वहिनी हसल्या नाहीत. "जिथली हाय तिथं टाका, दादा."

त्याने माती स्वतःच्या बाजूला ओतली आणि रिकामे पोते झटकून माझ्या हाती दिले.

खलिफा ओझ्याने नव्हे, लाजेने नमला होता, हे मला तेव्हा उमगले. त्या रानात लाज वाटणारा मी एकटाच होतो. परक्यांच्या भावांविरुद्ध मी आजवर किती अर्ज विनासंकोच लिहिले आहेत, आणि स्वतःच्या भावाविरुद्ध एक लिहायला कचरलो होतो!

परतताना वहिनी मागून आल्या. "भावजी, गोष्ट लय चांगली हुती. पर माझा अर्ज कवा लिवताय?"

सोमवारी लिहिला. त्यात खलिफा घातला नाही. लगतच्या खातेदाराचे, म्हणजे दादाचे, पूर्ण नाव लिहिताना मधे आमच्या वडिलांचे नाव आले, तेव्हा पेन थांबला. वहिनी समोर उभ्याच होत्या.