तळ्याचं एक मिनिट

आमची ताई फिल्मवाल्यांसाठी आवाज टिपते. कानांवर हेडफोन, हातात काठीला बांधलेला माइक आणि तोंडी एकच हुकूम, "गप्प बसा!" लहानपणी मला हेच फुकट सांगायची, आता त्याचा पगार घेते. मी तिचा धाकटा भाऊ, युनिटची गाडी चालवतो.

कुठलीही जागा सोडण्याआधी ताई सगळ्यांना मिनिटभर पुतळ्यासारखं उभं करते आणि त्या जागेचा नुसता आवाज टिपून घेते. संवादांमधल्या फटी त्यानं बुजवतात.

यंदाचा माहितीपट माणसानं पृथ्वीचं काय करून ठेवलंय, यावर होता. शेवटचं दृश्य एका तळ्याचं. ताईनं तरुणपणी इथेच पक्ष्यांचा गलका टिपला होता. त्यात स्वतःचा खोकलासुद्धा ऐकू येत नव्हता म्हणे. आता पाणी निम्मं आणि पाखरू औषधालाही नाही.

मिनिट सुरू झालं आणि ताईच्या कपाळाला आठी पडली. "घुरघुर येतेय."

मी पलीकडच्या खडी क्रशरवाल्याच्या हातापाया पडलो, त्यानं मशीन थांबवलं. तरी घुरघुर. पाण्याचा पंप बंद करवला. तरी तेच. शेवटी ताई रेकॉर्डिंग चालू ठेवून माइक पुढे धरत निघाली, ती बांधाआड लावलेल्या आमच्याच गाडीपाशी थांबली. मी गाडी बंद करूनच उतरलो होतो, पण किल्ली आत होती. दिग्दर्शक एसी लावून निवेदन लिहीत बसले होते. विषय, इंजिनांचा धूर. काखेत कळसा आणि गावाला वळसा!

ओशाळून त्यांनी इंजिन बंद केलं. ताई तिथेच मिनिटभर उभी राहिली. काहीच ऐकू आलं नाही.

पुढे एडिटिंगच्या खोलीत दिग्दर्शक म्हणाले, "असं मुकं तळं कोण बघणार? तुमचे जुने पक्षी घालू."

"नाही. गेलेल्यांची हजेरी मी लावणार नाही."

"अहो, तुमचेच तर आहेत."

"म्हणूनच देत नाही."

"मग मी दुसरा साउंडवाला बघतो."

"खुशाल बघा. पण त्या दिवशीचं जसंच्या तसं घ्या. घुरघुरीसकट."

दिग्दर्शक बरेच दिवस फुगून बसले. मी म्हटलं, "ताई, हातचं काम जाईल." ती म्हणाली, "जाऊ दे. खोटं तळं माझ्या नावावर नको."

पहिल्या खेळाला आम्ही मागच्या रांगेत होतो. शेवटी पडद्यावर तळं आलं आणि त्याबरोबर घुरघुर. खाली अक्षरं उमटली, 'हा आवाज आमच्याच गाडीचा.' लोक हसले. मग इंजिन बंद झालं. आता पाखरं बोलतील म्हणून सगळं थिएटर कान टवकारून बसलं. कुणीच बोललं नाही, पूर्ण मिनिटभर.

मला रडू आवरेना. ताईनं माझ्या हातात रुमाल कोंबला आणि कानात म्हणाली, "पुढच्या तळ्याला गाडी लांब लावायची. आणि किल्ली माझ्याकडे."