उघाडीची पाळी

आमच्या गावात वस्ती किती, असं कुणी विचारलं तर सासरे माणसं मोजत नसत, चुली सांगत. "तेवीस." झालं, पोरंटोरं, म्हातारेकोतारे सगळे त्यात आले. गाव एवढंसंच. वरच्या अंगाला गिरीज गावाकडे जाणारी वाट, खालच्या अंगाला खाडी, आणि खाडी नि भातशेतीच्या मध्ये मातीचा बांध. तो बांध कुणी घातला यावर गावाचं कधी एकमत झालं नाही. कुणी म्हणे फिरंग्यांनी. सासरे म्हणत, "फिरंग्यांनी हुकूम सोडला, माती आमच्या आज्यांनी व्हायली."

बांधात उघाडी होती, म्हणजे पाणी सोडायचं दार. ओहोटीला फळी वर ओढून शेतातलं पावसाचं पाणी बाहेर काढायचं, भरतीआधी फळी खाली सोडून वर पाचर ठोकायची. चुकलं की खारं पाणी आत. भात तर जळणारच, पण गावाची एकुलती एक गोड्या पाण्याची विहीर त्याच सखल भागात. ती गेली की गाव उठलंच. म्हणून प्रत्येक चुलीची उघाडीवर पाळी लागे.

पंच्याहत्तर साल असेल नसेल. श्रावणी अमावस्येच्या आदल्या दिवशी आमच्या घरात दोन चुली झाल्या. थोरल्या दिरांचं आणि माझ्या नवऱ्याचं जमेना. भांडी वाटली, कोंबड्या वाटल्या, शेताच्या पट्ट्या वाटल्या, पाटा कुणाचा यावरून जावेची नि माझी जुंपली. सगळं वाटलं, उघाडीची पाळी तेवढी राहिली. आणि अमावस्येला पाळी नेमकी आमच्याच घराची. दिरांना वाटलं, बांधालगतची सखल पट्टी धाकट्याकडे गेली, म्हणजे पाळीही गेली. नवऱ्याला वाटलं, पाळी जुन्या चुलीची, ती थोरल्याकडे. एक होळी गावच्या बाजारात भाजी घेऊन, दुसरा पाचूबंदरला सुकी मासळी आणायला. एकमेकांना शब्दाने विचारतील तर शपथ. गावातले बाकीचे पुरुष पलीकडच्या गावी मयताला गेलेले.

अमावस्येचं उधाण भर दुपारी. मी विहिरीवर होते. सहज बघते तर चरातलं पाणी उलटं, शेताकडे चाललेलं. हंडा तिथेच टाकला नि बांधाकडे पळाले. समोरून जाऊ येत होती, पदर खोचून. आदल्या दिवसापासून आम्ही एकमेकींचं तोंड बघत नव्हतो.

आदल्या पाळीवाल्यांनी ओहोटीला ओढलेली फळी तशीच वर टांगलेली, खालून पाणी धो धो आत. दोर सोडला तर फळी अर्ध्यात अडकली. जाऊ सरळ तिच्या काठावर चढून बसली.

"बघतेस काय? बस गो वर, पानी आत चाललंय."

बसले. आमच्या वजनाने फळी कुरकुरत खाली गेली. पण पाचर वाहून गेली होती. आम्ही उठलो की फळी वर येणार. शेजारीण धावत आली, तिने आणलेली जळणाची लाकडं पाचरीच्या जागी बसेनात. मग तिलाच पुरुषांना बोलवायला पिटाळलं.

"मी उतरून काहीतरी बघते," मी म्हटलं.

"उठून तर बघ, तंगडी मोडीन."

खाडीचं पाणी चढत छातीशी आलं. मला पोहता येत नव्हतं. मी जावेचा दंड धरला तो सोडलाच नाही, आणि तिनेही झटकला नाही. मागे शेतात भात वाऱ्यावर हलत होतं, विहिरीचा कठडा दिसत होता. तिकडे बघवत नव्हतं.

शेवटी दोघे भाऊ आले, बांधाच्या दोन टोकांनी. आमच्याकडे एकदा बघितलं आणि कोरड्या बांधावर उभे राहून सुरू झाले.

"पाळी तुझी होती."

"माझी? जुनी चूल कुणाकडे आहे?"

"आणि पट्टी कुणी घेतली?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. जाऊ मात्र शांतपणे म्हणाली, "भांडा, सावकाश भांडा. चल गो, उठू आपन. यांचं होऊ दे."

आणि खरंच अर्धी उठली. फळीने उसळी घेतली, पाण्याचा लोंढा शेतात घुसला. तेव्हा कुठे दोघे हलले. अंगातल्या कपड्यांनिशी पाण्यात उतरले नि खांद्याला खांदा लावून फळीवर बसले. आम्ही बांधावर आलो. जावेने लुगड्याचा घोळ पिळला.

खालची पट्टी खारली ती खारलीच, विहीर मात्र वाचली. ते दोघे ओहोटी लागेपर्यंत तिथेच बसून होते, आणि त्यांना चहा कुणीही नेला नाही.